गळकी झडप

जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालं, मूल खेळायला लागलं, की फाईल कपाटात जाते. चूक इथंच होते. फॅलोज टेट्रालॉजी या हृदयदोषात फुप्फुसाकडची अरुंद वाट मोकळी केल्यावर तिथली झडप पुढं अनेकदा गळकी राहते. पुढं ढकललेलं रक्त मागं येतं, हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो आणि जाणवत काहीच नाही! मग एक दिवस रत्नदुर्ग किल्ल्याचा चढ चढताना धाप लागते. तोवर थांबू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, कराच. झडप बदलता येते, काहींची तर मांडीच्या शिरेतून, छाती न उघडता. दातही जपा, किडक्या दातांतले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला अंगणवाडीत, शाळेत येतं. त्यांना ती जुनी फाईल दाखवा.