कंबरदुखी आणि लघवी: लाजेपायी वेळ घालवू नका

(कसबा पेठ, पुणे येथे गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



हप्त्याचा विषय झाला. आता जे आपण बैठकीत कधीच बोलत नाही ते बोलू या. लघवीवरचा ताबा.

माझी मावशी इथेच, कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यात राहते. पाण्याची कळशी उचलताना तिच्या कमरेत चमक भरली, दोन्ही पायांत कळा जायला लागल्या. घरच्यांनी तेल लावलं, शेक दिला. पण बसायची जागा बधिर झालीय, लघवी लागलेली कळत नाही, हे तिनं चार दिवस कुणालाच सांगितलं नाही. साडी ओली झाली तेव्हा घरात समजलं. ऑपरेशन झालं, ती चालते. पण लघवीसाठी आजही नळी घालावी लागते.

असं का होतं? पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जुडगा असतो. लघवी, शी आणि बसायच्या जागेची जाणीव याच नसा सांभाळतात. मणक्यांमधली गादी जास्त सरकली तर त्या दबतात. मग लघवी तुंबते, नंतर थेंब थेंब गळते.

खोकताना-शिंकताना थोडी लघवी होणं हे वेगळं. बाळंतपणानंतर अनेकींना होतं. त्यावर व्यायाम आणि उपचार आहेत, तेही डॉक्टरांना सांगा.

पण कंबरदुखीबरोबर यातलं एक जरी नव्यानं सुरू झालं, तरी थांबायचं नाही:

– लघवी अडणं, किंवा लागलेली न कळणं
– लघवी-शीवरचा ताबा जाणं
– बसायची जागा, मांड्यांचा आतला भाग बधिर होणं
– दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा

मालिश नको, मणका बसवून घेणं नको. रात्र असली तरी 108 ला फोन करा, मोठं रुग्णालय गाठा. इथून ससून जवळ आहे, तुम्ही जिल्हा रुग्णालयात जा. नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणू नका. ‘बसायची जागा बधिर आहे, लघवी कळत नाही’ असं स्पष्ट सांगा. एमआरआयमध्ये नसा दबलेल्या दिसल्या तर तातडीनं ऑपरेशन करतात. जितकं लवकर, तितकी ताबा परत येण्याची आशा जास्त.

पुढच्या बैठकीत बचतीची वही उघडण्याआधी शेजारणीला विचारा, ‘कंबर कशी आहे? आणि लघवीचं काही?’ मावशीला हे कुणी विचारलंच नाही.