देऊ केलेली यंत्रे आणि आपले समाजमंदिर
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक सभेत अंथुर्णे येथे केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवरील हा विषय जरा नाजूक आहे. पुण्यास स्थायिक झालेल्या आपल्या एका उदार ज्ञातिबांधवांनी येथील समाजमंदिरास एक जनित्र, पाच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि एक सोनोग्राफी यंत्र देऊ केले आहे. त्यांच्या आपुलकीविषयी कोणाच्याही मनात किंतु नाही. परंतु 'कोणी प्रेमाने देतो आहे तर घ्यावे, त्यात विचार कसला?' असे जे मत काही वडीलधाऱ्यांनी मांडले, ते आम्हास सर्वस्वी मान्य करता येत नाही.

ही वास्तू ज्ञातीने वर्गणी जमवून उभारली खरी. पण उपयोगाने ती साऱ्या गावाची झाली आहे. संत तुकाराममहाराजांची पालखी सणसरचा मुक्काम हलवून, बेलवाडीचे रिंगण आटोपून अंथुर्ण्यास विसावते, त्या रात्री आपल्या ओसरीवर पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. एरवी येथे लग्नकार्ये होतात, मुले अभ्यासास बसतात आणि आठवड्यातून एक दिवस बाहेरगावचे डॉक्टर रुग्ण तपासतात. अशा ठिकाणी यंत्र आले की त्याच्या भरवशावर माणसे येऊ लागतात. ते बंद पडले तर दोष दात्याकडे जात नाही, आपल्याकडे येतो.

तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०२१ साली घडलेला प्रकार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्र शासनाकडून घाटीच्या शासकीय रुग्णालयाकडे १५० व्हेंटिलेटर आले. त्यांतील काही अन्य जिल्ह्यांस व खासगी रुग्णालयांसही देण्यात आले. मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जी माहिती आली, तिच्यानुसार वापरास काढलेल्या ११३ यंत्रांत दोष आढळले होते आणि उरलेली ३७ खोक्यांतून बाहेरही निघालेली नव्हती. केंद्र शासनाचे म्हणणे असे की यंत्रे निर्दोष आहेत. उणीव आहे ती रुग्णालयांतील सोयींची आणि हाताळणाऱ्यांच्या शिक्षणाची. दोषारोप बाजूस ठेवून रुग्णांची चिंता वाहावी, अशा आशयाचे खडे बोल न्यायालयाने शासनास ऐकविले. यंत्र सदोष की वास्तू अपुरी, याचा निवाडा येथे करण्याचे आम्हास कारण नाही. जो प्रश्न यंत्र दारात येण्यापूर्वी विचारावयाचा, तो रुग्ण खाटेवर असताना विचारला गेला, एवढेच आम्ही पाहतो. आणि घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयाची जेथे ही गत, तेथे आपल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याची काय कथा!

जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली उपकरणांच्या देणग्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत घेणाऱ्याच्या इच्छेचा व अधिकाराचा मान राखावा असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे विचारपूस करणे हा कृतघ्नपणा नव्हे. खुद्द दात्यांतही असे विचारणारे होऊन गेले. अँड्र्यू कार्नेगी यांनी जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये बांधून दिली. पण अमेरिकेतील गावांना त्यांची सर्वसाधारण अट अशी असे की देणगीच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम गावाने दरसाल ग्रंथालयाच्या चालू खर्चासाठी द्यावी. आपल्या देणगीदारांनी तशी अट घातलेली नाही. मग ती आपणच आपल्यावर घालून घेतली पाहिजे.

जनित्राविषयी फार बोलण्याचे कारण नाही. पालखीच्या रात्री वीज गेली म्हणजे काय होते ते आपण जाणतोच. ते घ्यावे, मात्र इमारतीबाहेर, उघड्या हवेत, शेडखाली बसवावे आणि डिझेलचा खर्च अंदाजपत्रकात दाखवावा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे दिसावयास सोपे, पण लाडावलेले यंत्र आहे. हवेतील नायट्रोजन शोषून घेणारे झिओलाइटचे दाणे त्यात असतात. त्यांना दमट हवा मानवत नाही, आणि यंत्र दीर्घकाळ पडून राहिले तर ओल धरून ते निकामी होऊ लागतात. कपाटात जपून ठेवणे हाच त्याचा नाश होय. म्हणून पाच न घेता दोनच घ्यावेत, ते अधूनमधून चालवून पाहण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे द्यावे, आणि डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज ते कोणास लावू नयेत.

सोनोग्राफी यंत्र मात्र घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील नियमांप्रमाणे नोंदणी नसलेल्या ठिकाणी असे यंत्र मोबदला घेऊन वा न घेताही देता येत नाही. म्हणजे येथे घेणारे आपण आणि देणारे ते सद्गृहस्थ, दोघेही अडचणीत येऊ. नोंदणी करावयाची म्हटली तर पात्र डॉक्टर हवा, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद हवी. आठवड्यातून एकदा उघडणाऱ्या दवाखान्याकडून हे होणे नाही. शेजारी वालचंदनगरास साखर कारखान्यांची अवजड यंत्रसामग्री घडते, म्हणून हेही कोणी दुरुस्त करील असे एका तरुण मित्रांनी सुचविले. त्यांच्या उत्साहाचे कौतुक आहे, पण ते काम त्या जातीचे नव्हे.

आणखी एक गोष्ट या सभेत मोकळेपणाने बोलली पाहिजे. असा कायदा देशात प्रथम आपल्याच राज्याने १९८८ साली केला. तरीही २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली ८९४च होत्या, २००१ साली त्या ९१३ होत्या. या आकड्यांत आपल्या ज्ञातीची घरे नाहीत असे कोण म्हणेल? कुलूप लावलेल्या खोलीत, कोणाच्याही देखरेखीवाचून, हे यंत्र आपल्या नावाच्या पाटीखाली ठेवण्यास आम्ही संमती देणार नाही.

हा नकार दात्यांना टपालाने कळवू नये. अध्यक्षांनी व दोन विश्वस्तांनी पुण्यास जाऊन त्यांना समक्ष भेटावे, आणि यंत्राची रक्कम त्यांना द्यावयाचीच असेल तर गरजू गर्भवतींना नोंदणीकृत केंद्रात तपासणीस नेण्या-आणण्याच्या खर्चासाठी ती द्यावी, अशी विनंती करावी. कदाचित त्यांना वाईट वाटेल. ते ऐकून घेण्याची तयारी ठेवूनच जावे. तशा ठरावाचा मसुदा चिटणिसांकडे दिला आहे. तो त्यांनी वाचून दाखवावा आणि सभेने त्यावर मत द्यावे.