बाळाची योजना, घरच्यांच्या सल्ल्याने

दीड वर्षाचं मूल चालत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी ठरलेली आहे. शंका वाटल्यास मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवतात. गरज असल्यास थेरपी सुरू होते. पण थेरपी तासाभराची, घर दिवसभराचं. म्हणून गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमोणे गावच्या आई-बाबांनी, आजीनेही थेरपीची योजना ठरवतानाच बोलावं: बस कधी मिळते, बाळाला कोण सांभाळतं. उद्दिष्टं रोजच्या जगण्यातली ठेवा: चमच्याने पेज खाणं, तुळशीपाशी आधाराने उभं राहणं. थेरपिस्टना विचारा, ‘हा व्यायाम आंघोळ घालताना कसा करून घेऊ?’ ठरावीक काळाने एकत्र बसून जे जमत नाही ते बदला.