थंडीतला रस्ता आणि ड्रायव्हरचे डोळे



वैशाखाच्या उकाड्यात आम्ही थंडीतल्या रस्त्याविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे आपणांस नवल वाटेल. पण साखर कारखान्यांचे पट्टे पडले आहेत, ऊसतोडीची मंडळी गावी परतली आहेत, गाड्या दारात उभ्या आहेत. डोळे तपासून घ्यावयाचे तर ते आताच. दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतील. मग सवड कोणाला?

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि उजाडावयास सात वाजतात. म्हणजे तेरा तासांची रात्र. गोदाकाठी, माजलगावच्या धरणाच्या बाजूला पहाटे धुके उतरते. काचेला आतून वाफ धरते, बाहेरून दव. समोरून दिव्यांचा झोत येतो. आणि त्याच रस्त्याने उसाची बैलगाडी किंवा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चाललेला असतो. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही.

आता कायदा काय पाहतो? १९८९ च्या मोटार नियमांतला फॉर्म विचारतो, की चांगल्या उजेडात २५ मीटरांवरची नंबरपाटी वाचता येते काय? चष्मा असल्यास चष्मा लावून. जरा हिशेब करा. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढचे दिसून, उमजून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर फॉर्मातले ते २५ मीटर तिथेच संपले; गाडी थांबणे अजून पुढेच. कसोटी दिवसाची आणि भाकरी रात्रीची, अशी ही गत आहे. डॉक्टरी दाखल्यात रातांधळेपणाचाही प्रश्न असतो. पण पुष्कळदा तो पाहून नव्हे, विचारून भरला जातो.

चाळिशी लागली म्हणजे जवळचे दिसत नाही, एवढेच आपण समजतो. पण वयाबरोबर बाहुली अंधारात पुरती उघडेनाशी होते, भिंगही गढुळते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असली तर समोरचा दिवा फुटून पसरतो, आणि त्याच्या आडचा माणूस नाहीसा होतो.

आता आमची चूक सांगतो. आमचा एक जुना सभासद म्हणाला होता, “रात्रीचं धूसर दिसतंय, पण चष्मा लावला तर मालक गाडीवरून उतरवील.” आम्ही त्याला सांगितले, “बोलू नकोस.” पोट वाचवले, असे आम्हांस वाटले. त्याच थंडीत मांजरसुंब्याच्या घाटाखाली, दिवा नसलेल्या उभ्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. क्लीनर पोराचा पाय गेला. त्या पोराचे पोट आम्ही हिशेबात धरलेच नव्हते. पगारासाठी, बोनससाठी आम्ही संप केले. चष्म्यासाठी एक अर्जही केला नाही.

म्हणून आमचे मागणे आहे. हंगाम सुटला की दरवर्षी प्रत्येक ड्रायव्हरचे डोळे मालकाच्या खर्चाने तपासावे. चष्मा लागला म्हणून कोणाचे काम जाऊ नये. कायदाच चष्मा चालवून घेतो. ज्याला रात्री खरोखरच दिसत नाही त्याला दिवसपाळी द्यावी. मोतीबिंदू असेल त्याने तो लपवू नये. अंबाजोगाईचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि गाडीवानाने, ट्रॅक्टरवाल्याने मागे लाल पट्टी लावावी; कारण डोळा कितीही धड असला तरी जे उजळतच नाही ते त्याला दिसणार कसे?

आपण सारे एस.टी.ने, जीपने, ट्रॅक्टरवर बसून प्रवास करणारे. पुढे बसलेल्या एका माणसाच्या दोन डोळ्यांवर विसंबून आपण मागे झोपी जातो. ते डोळे त्याचे एकट्याचे नव्हेत. त्यांची काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.