भुतांची कैफियत



भुतांवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आमची निम्मी हयात रात्रपाळीत गेली. भुतांच्या गोष्टी तेथे ऐकायला मिळतात तितक्या दुसरीकडे मिळत नाहीत.

पुण्यातले भूत म्हटले की आधी शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना तेथे ठार मारले. 'काका, मला वाचवा' ही हाक अमावास्येला, कोणी म्हणतात पौर्णिमेला, अजून ऐकू येते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. हाक काही जळाली नाही. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले, पण शिक्षा त्यांना भोगावी लागली नाही. न्याय अर्धा राहिला, आणि लोकांनी उरलेला अर्धा भुताच्या तोंडी घातला.

इतर भुते पाहा. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते. धनाचा लोभ सुटला नाही तो समंध होतो. पिकल्या पानासारखा, नातवंडांच्या मांडीवर गेलेला म्हातारा सहसा भूत होत नाही. म्हणजे भुतांची ही यादी बहुतेक अकाली मरणांची यादी आहे. अळवंतीला उतारा टाकून काय होणार? तिला हवी होती ती सुईण, दवाखाना आणि वेळेवर मिळालेली गाडी.

आता आमची स्वतःची गोष्ट, आणि ती आमच्या चुकीची आहे. पुण्याजवळच्या एका कारखान्यात रात्रपाळीला प्रेसमध्ये सापडून एक पोरगा गेला. ते मशीन 'लागले' आहे, अशी बोलवा झाली. दर अमावास्येला नारळ फुटू लागला, लिंबू-मिरची टांगली गेली. मालकाने नारळाचे पैसे आनंदाने दिले. वर्गणीत आमचेही दोन रुपये होते. सहा महिन्यांनी त्याच प्रेसवर दुसऱ्या पोराची तीन बोटे गेली, तेव्हा आमचे डोळे उघडले. प्रेसला गार्ड नव्हता! धोक्याच्या यंत्राला कुंपण हवे, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेले होते. आम्ही तीन दिवस ते खाते बंद ठेवले. गार्ड बसला, आणि भूत गेले.

भुताच्या नावावर खरा गुन्हेगार सुटतो तो असा. कधी निरपराध बाईला चेटकीण ठरवून मारतात, कधी मांत्रिक आजाऱ्याला चटके देतो. याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घालून मारले गेले. शनिवारवाड्यापासून ती जागा फार लांब नाही. त्याच वर्षाअखेर कायदा झाला.

आजीने भुताची गोष्ट सांगितली तर मुलांनी जरूर ऐकावी, आम्हीही ऐकतो. फक्त गोष्ट संपल्यावर एक प्रश्न विचारावा: हा मेला कशाने, आणि ते टाळता आले असते का? भुताला नारळ नको. त्याची कैफियत लिहून घ्या आणि ती जेथे द्यायची तेथे द्या.