निद्रिस्त राजकन्या, फक्त कानांनी

आज बॅलेबद्दल बोलायचंय, आणि तेही बॅले न बघता.

माझ्या आईला आता नीट दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, समोरचा माणूस नुसता धुरकट दिसतो. रेडिओवरच्या श्रुतिका ऐकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे मी हेडफोन लावून बसलो की तिला राहवत नाही. "एकटाच काय ऐकतोयस? मलाही लाव की." मी ऐकत होतो चायकोव्हस्कीचा 'स्लीपिंग ब्यूटी'. मनात म्हटलं, नाच दिसणार नाही, शब्द तर मुळातच नाहीत, हिला काय कळणार? पण लावला. गोष्ट मुद्दामच सांगितली नाही.

पडदा उघडण्याआधीच अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो. तुटक, कर्कश, फटकारे मारल्यासारखा. आई दचकली. "कोण गं बाई ही कडाडली?"

मग एकदम सगळं शांत होतं. हार्पचे झंकार, आणि त्यावर इंग्लिश हॉर्नची एक लांब, सावकाश धून. (इंग्लिश हॉर्न म्हणजे ओबोचा जरा खर्जातला थोरला भाऊ. तो ना इंग्लिश, ना हॉर्न!) आई म्हणाली, "ही दुसरी आली. ही चांगली आहे."

मी उडालोच. कारण गोष्ट नेमकी तीच आहे. पहिली काराबोस, बारशाला बोलावलं नाही म्हणून चिडलेली दुष्ट परी. दुसरी लायलॅक परी. काराबोस शाप देते की राजकन्या अरोरा बोटाला टोचून मरेल. लायलॅक परीला शाप पुसता येत नाही, ती मरणाऐवजी शंभर वर्षांची झोप देते. धूनही तशीच वागते बघा. ती काराबोसच्या धुनेवर ओरडून मात करत नाही, तिच्या मागून येते आणि थांबून राहते.

हा बॅले 1890 साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात पहिल्यांदा झाला. गोष्ट फ्रेंच लेखक शार्ल पेरोची. नृत्यं बसवली मारियस पेतिपानं, आणि हा गृहस्थ भलताच काटेकोर. संगीत लिहिण्याआधीच त्यानं चायकोव्हस्कीला लेखी सूचना दिल्या होत्या. इथे कुठला ठेका, इथे किती लांबी, सगळं मोजून. एवढी बंधनं घातल्यावर दुसरा कुणी वैतागला असता. चायकोव्हस्कीनं त्यातूनच नाट्य काढलं.

टकळीचा प्रसंग घ्या. एक म्हातारी दोनच्या ठेक्यात टकळ्यांचे ठोके देतेय. अरोरा टकळी हातात घेते, नाचायला लागते, आणि ठेका तीनचा होतो, वॉल्ट्झचा. इतका आनंदी की ऐकणाऱ्याला काही संशयच येत नाही. तेवढ्यात टोचतं. पेतिपाला इथे नाच नको होता, विषारी कोळी चावल्यासारखी धडपड हवी होती. संगीत गरगरायला लागतं, अरोरा कोसळते. म्हातारी अंगावरचा झगा भिरकावते आणि पुन्हा तेच फटकारे! आईनं माझा हात धरला. "तीच ती. मघाची."

तिनं काराबोसला पाहिलं नव्हतं, नावही ऐकलं नव्हतं. ओळख पटली ती सुरांवरून. माझ्या मते शब्दांशिवाय गोष्ट सांगण्याची चायकोव्हस्कीची सगळी युक्ती इथे आहे. आधी ओळख करून द्यायची, मग वेषांतरात लपवायचं, आणि नेमक्या क्षणी पुन्हा समोर आणायचं.

पण खरी कमाल शंभर वर्षांच्या झोपेची. झोप नाचून कशी दाखवणार? रंगमंचावर तर कुणी हलतच नाही. चायकोव्हस्की व्हायोलिनवर एक स्वर धरून ठेवतो, बारीक थरथरणारा, संपता संपत नाही असा. खाली दोन्ही पऱ्यांच्या धुना येतात, पण दबक्या, झोपेत ऐकल्यासारख्या. आई बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, डोळा लागला. मग हळूच म्हणाली, "कुणी उठत का नाही रे?"

तिसऱ्या अंकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गोष्ट दुसऱ्या अंकात संपते, राजकन्या जागी होते. पुढे नुसतं लग्न, आणि इतर परीकथांमधले पाहुणे एकेक नाच करून जातात. संगीत सुरेख आहे, पण पुढे काय होणार ही ओढ राहत नाही. ओबो आणि बसूनवर दोन मांजरं म्याँव म्याँव करतात, तेव्हा आई म्हणाली, "लग्नात कुणाचं तरी पोर किरकिरतंय." तर संगीताला सगळंच सांगता येतं असं नाही.

आता रोज संध्याकाळी फर्माईश असते, "ती टकळीची लाव." तुम्हीही करून बघा. सुरुवातीचा तुकडा, पहिल्या अंकाचा शेवट, मग ती झोप, एवढंच ऐका, डोळे मिटून. व्हिडिओ नंतर बघा. आणि मांजरं तुम्हाला ओळखू आली का, ते मला जरूर कळवा.