पटकीच्या रोग्याला पाणी तोडू नका
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पटकी, म्हणजे कॉलरा, आता गेली असे पुष्कळांना वाटते. पण जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी व कोयलारी गावांत ती आली आणि माणसे दगावली. लोक उघड्या विहिरीचे पाणी प्यायले होते. पाचगणीचा पाऊसही काही कमी नाही; पाणी गढूळ आले की आपणही सावध असावे.

माझ्या आजीची थोरली बहीण याच रोगाने गेली. पाणी पाणी करीत होती, पण पाण्याने जुलाब वाढतात म्हणून घरच्यांनी घोटभर दिले नाही. मरीआईला नारळ मात्र वाहिला. त्या काळच्या माणसांना मी बोल लावीत नाही. पण ती समजूत अजून काही घरांत आहे, म्हणून बोलायला उभी राहिले.

पटकीचे जुलाब एकाएकी लागतात, तांदळाच्या धुवणासारखे पांढरट. ताप बहुधा नसतो. उलट्या होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी लवकर खाली बसत नाही. अंगातले पाणी व क्षार गेल्याने काही तासांत जीव जाऊ शकतो.

१९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत ही साथ आली. बनगावला सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोजचे पाणी पाजायला लावले. शेकडा तीसच्या आसपास मरत होते, ते चारच्याही आत आले. आणि पाजणारे पुष्कळसे रोग्यांचे घरचेच होते!

जलसंजीवनीची पुडी आता आरोग्य केंद्रात मिळते. एका पुडीला एक लिटर उकळून गार केलेले पाणी. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. तान्ह्याचे अंगावरचे दूध बंद करू नये. रोगी गळून गेला, पिता येईना, लघवी थांबली, तर सलाईनशिवाय इलाज नाही. तडक दवाखाना गाठावा. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर वाटेतही पाजीत राहावे.

आपल्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या थोडे आधीच उकळते. काळजी नको, खळखळून मिनिटभर उकळले की पुरते. रोग्याचे कपडे मात्र ओढ्यावर धुवायला नेऊ नका.

चार पुड्या मी घरी आणून ठेवल्या आहेत. रात्री-अपरात्री लागल्या तर दार वाजवा.